शिट्टी सरांचा रिव्हर्स

परवा नाशिकच्या एका सर्व्हिस सेंटरात माझी गाडी दाखवायला नेली होती. ऑटोमॅटिक गाडी. बँकेत प्रमोशन मिळाल्यावर घेतलेली, त्यामुळे सध्या तिचे लाड चालू आहेत. काउंटरवरच्या गृहस्थांना विचारलं, "गिअरचं ऑइल कधी बदलायचं?" ते टाय सरळ करत म्हणाले, "मॅडम, हे ऑइल लाइफटाइम असतं. बदलायचं नसतं." मला एवढं हसू फुटलं की त्यांनी पुन्हा एकदा टाय तपासला.

त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. मला बोरसे सर आठवले होते. हेच वाक्य त्यांच्या मुलाने पुण्याहून फोनवर त्यांना ऐकवलं होतं आणि मी समोर बसून पोहे खात होते. सरांनी फोनचा स्पीकर चालू ठेवला आणि अगदी शांतपणे आपल्या अहिराणीत विचारलं, "कोना लाइफटाइम? गाडीना, का मन्हा?"

बोरसे सर आता नाहीत. मागच्या उन्हाळ्यात गेले. पण कुठे शिट्टी वाजली की माझी मान अजूनही ताठ होते.

लोणखेड्याला आमच्या शाळेत ते पीटी शिकवायचे. सगळी शाळा त्यांना शिट्टी सर म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. गळ्यात लाल दोरीला पितळी शिट्टी. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ काढून ठेवतात, सरांनी शिट्टी काही काढली नाही. लग्नाच्या पंगतीत रेशमी सदऱ्यावर ती लटकलेली असे. वाढपी पुढे सरकला तर एक बारीकशी शिट्टी व्हायची आणि तो वरणाची बादली घेऊन मुकाट मागे यायचा. शहाद्याच्या स्टँडवर रिक्षा तर ते हाकेने कधी बोलवतच नसत. या शिट्टीला दाद न देणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे सरांची बायको, आमच्या काकू. "मी काय तुम्हना टीममा नही," असं म्हणून त्या भाकरी थापत राहायच्या.

मी मात्र टीममध्ये होते. खो-खोच्या. दोन पाय असलेल्या कोणालाही सर टीममध्ये घेत, त्या हिशेबाने माझी निवड झाली होती. मी पहिल्या झटक्यात बाद व्हायचे. सर म्हणायचे, "बेटा, तू बाद व्हस पन कितली मन लायीसन व्हस." पुढे मी बँकेत लागले, फिरून फिरून बदली शहाद्याला झाली आणि घर मिळालं ते नेमकं सरांच्या शेजारी. त्यामुळे पुढची सगळी हकिगत मी कुंपणावरून पाहिलेली आहे.

सरांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नसे. त्याची कथा अशी. निवृत्तीच्या वर्षी नववीच्या पोरांना उंच उडीची दोरी पार होईना. "एवढी उंच होतच नाही सर," असं कोणीतरी म्हणालं. झालं. सरांनी चपला काढल्या, शिट्टी पाठीवर टाकली, धावत आले आणि उडी मारली. दोरीच्या पलीकडे वाळूत पडले ते उठलेच नाहीत. सगळे धावले. सरांनी पडल्या पडल्या विचारलं, "दोरी हालनी का?" दोरी हलली नव्हती. "मंग ठीक शे," म्हणाले आणि मग स्वतःला उचलू दिलं. त्यांना शाळेच्या बाकावर झोपवून दवाखान्यात नेलं. पाय वाचला, गुडघा वाचला नाही. सर सांगायचे, "मन्हा डावा पाय रिटायर व्हयना. उजवा अजून नोकरीमा शे."

या उजव्या पायाच्या नोकरीसाठी ती गाडी आली. शहाद्यातल्या एका मारवाडी कापड दुकानदाराच्या मुलाने हौसेने मुंबईहून एक जुनी स्पोर्ट्स गाडी आणली होती. दोन दारांची, पुढून चपटी, जमिनीला टेकून चालणारी. आमच्या गतिरोधकांवर तिचं पोट असं घासायचं की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन बघायचं. मुलाची हौस लवकर फिटली आणि गाडी गोदामात गठ्ठ्यांच्या मागे जाऊन बसली. सरांनी ती पाहिली आणि त्यांना तिच्यात एकच गोष्ट दिसली. तिला क्लच नव्हता. डाव्या पायाला कामच नाही.

शेठ म्हणाले, "मास्तर, घेऊन जा. माझं गोदाम मोकळं होईल."

त्या गाडीत बसणं हा बघण्यासारखा प्रकार असे. सर आधी पाठमोरे होऊन आत बसत, मग डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवत आणि वर म्हणत, "हाऊ पाय मी आते सामानमा धरस." काकू त्यात फारशा बसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की खालीच बसायचं तर घरात जागा आहे.

सर त्या गाडीने दर आठवडी बाजाराला डोंगरातल्या मोलगीला जायचे. त्यांची पहिली नोकरी तिकडच्या आश्रमशाळेतली. सातपुड्याच्या उतारांवर पळणारी पोरं त्यांनी तिथे हेरली आणि जिल्ह्याच्या मैदानांवर आणून पळवली. ती पोरं आता बाप्ये झाली होती, कोणी जीप चालवत होतं, कोणी आमचूर विकत होतं. बाजाराच्या दिवशी ती सगळी सरांना भेटायची. एसटीची पायरी सरांना चढता येत नव्हती, भरलेल्या जीपमध्ये तो सरळ पाय मावत नव्हता. म्हणजे गाडी होती तर मोलगी होती. गाडी गेली की ओटा आणि भिंत.

आणि गाडी जायला लागली होती. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवरच असायची, मग एकदम हिसका देऊन पुढे. एका घाटात जाताना हा प्रकार प्रशांतने शेजारी बसून पाहिला. प्रशांत म्हणजे सरांचा मुलगा, पुण्यात मोठ्या नोकरीत. त्याचा जीव घाबरणं साहजिकच होतं. "सर, गाडी विका आणि पुण्याला चला," त्याने सांगून टाकलं.

मुलगा बापाला 'सर' म्हणतो याचं नवख्यांना नवल वाटायचं. आधी तो त्यांना आबा म्हणत असे. दहावीत असताना कबड्डीच्या अंतिम सामन्यात प्रशांत चढाईला गेला, दोन गडी टिपून आला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. पंच होते आमचे सर. त्यांनी शिट्टी मारून प्रशांतलाच बाद दिलं. त्याच्या अंगठ्याला बाजूची रेषा लागली होती, म्हणे. ती दुसऱ्या कोणी पाहिली नव्हती, समोरच्या टीमनेसुद्धा नाही. आम्ही हरलो. त्या रात्री काकूंनी सरांच्या ताटात करपलेली भाकरी वाढली आणि प्रशांत म्हणाला, "सर, पाणी द्या." ते रागाचं 'सर' तोंडात बसलं ते बसलंच. प्रशांत घरात शिरताना 'सर' म्हणायचा तेव्हा आमचे सर उगाच शिट्टीची दोरी नीट करत.

तर गाडी. सरांनी बॉनेट उघडून तेल बघायची पट्टी ओढली. हे तेल लालभडक असायला हवं, सरबतासारखं. पट्टीवर आलं ते काळपट तपकिरी, आणि त्याला करपल्या फोडणीचा वास. शहाद्याच्या युनूस मिस्त्रीला बोलावलं. युनूस म्हणजे ट्रॅक्टर, जीप, थ्रेशर, काहीही दोन तासांत खोलणारा आणि चार दिवसांत जोडणारा. पण या गाडीभोवती तो हात मागे बांधून फिरला, न जाणो कोणी म्हणेल तू हात लावलास.

"सर, हाई जुनं तेल नही," तो शेवटी म्हणाला, "हाई गाडीनी हिंमत शे. आतला घिसेल भुसा ह्याच तेलमा शे, त्यानावरच गिअर पकड धरस. काढशात ते गाडी बठी जाई."

नाशिकच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर त्यांनी मॉडेल जुनं झाल्याचं सांगून हात झटकले. प्रशांतने लाइफटाइमचं सांगितलं, ते वर आलंच आहे. म्हणजे एक म्हणतो बदलाल तर मराल, दुसरा म्हणतो बदलायचंच नसतं. सरांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी कुंपणावर येऊन ते मला म्हणाले, "बेटा, टीम थकनी म्हनीसन सगळा गडी एकदम बदलतस का? मॅच हातथीन जाई. एकेक बदलानं. नवा गड्याले जुना गडी खेळ शिकाडस."

गंमत म्हणजे गाडीची रचनाही तशीच होती. खालचा नट खोलला तरी सगळं तेल निघत नाही. चेंबरातलं तेवढं निघतं, उरलेलं आतच राहतं. सरांचा बेत ठरला. जेवढं निघेल तेवढं काढायचं, मोजून तेवढंच नवं भरायचं, आठवडाभर गाडी फिरवायची, पुन्हा काढायचं. तेल लाल दिसेपर्यंत.

आता खाली शिरायचं कसं? गाडी एवढी बुटकी की जॅक आत जाईना. सरांनी मागच्या शेतात उसाच्या कडेचा कोरडा पाट हेरला. दोन्ही बांधांवर फळ्या टाकल्या, गाडी पाटावर आडवी आणून उभी केली आणि स्वतः पाटात गोणपाट अंथरून तिच्या पोटाखाली झोपले. मी काकूंचं नरसाळं आणि ठिबकची नळी घेऊन वर उभी. काकू बांधावर बसून चहा पीत होत्या. त्यांना त्यांच्या नरसाळ्याचा वापर मान्य नव्हता आणि ते त्या दर दोन मिनिटांनी सांगत होत्या.

नट निघाला. गरम तेल घमेल्यात पडू लागलं. "काळं शे, पन इमानदार शे," खालून आवाज आला.

आमच्याकडे थ्री फेजची लाइट कधी येते आणि कधी जाते हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून विहिरीच्या मोटारीला सगळे ऑटो बसवतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सरांनीही बसवला होता आणि दोनच दिवसांपूर्वी त्याचं कौतुक मला ऐकवलं होतं. ऑटोमॅटिक गाडीच्या नादात हा दुसरा ऑटोमॅटिक ते साफ विसरले. लाइट आली. तिकडे विहिरीवर मोटार गुरगुरली आणि पाटातून पाणी वळणं घेत निवांत आलं.

खालून जोरदार शिट्टी झाली. आता शिट्टीचा अर्थ मला लहानपणापासून एकच माहीत. मी सावधान उभी राहिले. दुसरी शिट्टी झाली, मी हात मांडीला आणखी घट्ट लावले. काकूंनीच चहाची बशी खाली ठेवली आणि मोटार बंद करायला पळाल्या. सर भिजलेल्या पोत्यासकट बाहेर निघेपर्यंत घमेलं तरंगत उसाच्या दिशेने निघालं होतं. पुढे घमेलं आणि मागे एका पायावर उड्या मारत शिट्टी वाजवणारे सर. रस्त्यावरून जाणारे दोन सायकलवाले उतरून बघत राहिले. उसात शिरायच्या आधी सरांनी घमेलं पकडलं.

पण त्यात पाणी शिरलं होतं. किती तेल निघालं ते कळेना, आणि ते कळल्याशिवाय किती भरायचं ते कळेना. मी हळूच म्हटलं, आता अंदाजाने भरू. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नरसाळं पदराने पुसायला लागले. त्यांनी घमेल्यातलं सगळं पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ओतलं आणि बाटल्या बांधावर मांडून ठेवल्या. थोड्या वेळाने पाणी खाली बसलं, तेल वर आलं, मध्ये रेघ दिसू लागली. "पंचले रेषा दिसनी म्हंजे व्हयनं," सर म्हणाले. तेवढं नवं तेल नरसाळ्यातून, नळीतून, पट्टीच्या भोकातून आत गेलं. मग ब्रेक दाबून त्यांनी दांडा एकेका गिअरवर सरकवला, प्रत्येक ठिकाणी थांबून. काकू म्हणाल्या, "आते ह्याच नरसाळाथीन तुम्हले च्या पाजसू."

असे तीन सामने झाले. पुढचे दोन मोटारीचा ऑटो बंद करून. शेवटच्या बदलीनंतर पट्टीवर लाल तेल आलं. गाडी चढावर ओरडेनाशी झाली, हिसके थांबले. सर खूश होते. फक्त एक गोष्ट झाली. रिव्हर्स गेला. दांडा आरवर टाकला की इंजिन नुसतं हुंकार द्यायचं, गाडी ढिम्म. युनूस मिस्त्रीला बातमी कळली तेव्हा तो पेढे वाटायचा तेवढा बाकी राहिला. सरांनी त्याला ऐकवलं, "पुढला सगळा गडी सुधरनात. मांगला एक जखमी व्हयना. चालस." आणि आतला आरसा फिरवून त्यांनी आपल्या मिशीकडे केला. मागे जायचं नाही तर मागे बघायचं कशाला, असा त्यांचा हिशेब होता.

तेवढ्यात प्रशांत आला. बापलेकांत करार झाला. मोलगीला जाऊन कोणाच्याही मदतीशिवाय परत यायचं. जमलं तर चावी सरांकडे राहील. नाही तर गाडी विकायची आणि सरांनी पुण्याला यायचं. पंच म्हणून मला मागच्या सीटवर घातलं. त्या सीटवर माणूस बसत नाही, घडी करून ठेवतात. निघताना मी सरांच्या कानाशी म्हटलं, "रिव्हर्सचं सांगितलं का त्याला?" सर म्हणाले, "त्याने इचारं नही. न इचारेल सवालनं उत्तर पंच देत नही."

जाताना गाडीने घाट असा चढला की प्रशांत मोबाइल खिशात ठेवून बाहेर बघायला लागला. एका वळणावर ट्रक आडवा आला. सरांनी दांडा न्यूट्रलवर टाकला, ब्रेक सैल सोडला आणि गाडी उतारावर आपोआप मागे सरकली. ट्रक गेला. सरांनी मिशीवरून हात फिरवला. प्रशांतला काही कळलं नाही आणि मला हसू आवरेना म्हणून मी खोकले.

मोलगीला नेहमीप्रमाणे चहा, आमचूर, माणसं. सरांनी बाजाराला मोठा फेरा घालून गाडी उताराकडे तोंड करून लावली. परतताना तर ते गुणगुणतच होते. घाट जवळजवळ उतरलोच होतो, तेवढ्यात अरुंद वळणावर समोरून वेस्ताची जीप वर आली. टपावर माणसं, पोती, एक बकरी. वेस्ता म्हणजे आश्रमशाळेतला सरांचा लाडका धावपटू. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे त्याला सरांनीच शिकवलेलं. त्याने हाताने खूण केली, "सर, जरासं मांगे ल्या."

रुंद जागा आमच्या मागे होती, पण मागे म्हणजे आता चढ होता. सरांनी दांडा आरवर टाकला. इंजिन हुंकारलं. गाडी ढिम्म.

प्रशांतने दांड्याकडे पाहिलं, मग आरशातल्या मिशीकडे पाहिलं. "सर, रिव्हर्स नही?"

सरांनी खिडकीतून मान बाहेर काढून एक लांब शिट्टी मारली. जीपच्या टपावरून, दारांतून, मागच्या शिडीवरून माणसं धडाधड उतरली, जणू वाटच बघत होती. बकरी तेवढी वर राहिली. सगळे हात बॉनेटला लागले. सर तालावर शिट्टी वाजवत होते आणि गाडी इंचाइंचाने मागे चढत होती. "कोन म्हनस रिव्हर्स नही?" सर प्रशांतला म्हणाले, "इतला मोठा रिव्हर्स कोना गाडीले शे?" पण बोलताना आवाज नेहमीचा नव्हता. प्रशांत दार उघडून खाली उतरला आणि तोही ढकलायला लागला. त्याचा पांढरा शर्ट चिखलाने भरला.

जीप वर निघून गेली. प्रशांत येऊन शेजारी बसला. सरांनी गाडी बंद केली, चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"मी बाद," ते म्हणाले. "मदत लिधी."

ही मदत धरायची नाही असं म्हणता आलं असतं. मीच म्हणणार होते. पण त्या माणसाने स्वतःच्या मुलाला अंगठाभर रेषेसाठी बाद दिलं होतं, तो स्वतःला कसा सोडणार? मला भयंकर वाईट वाटलं. मागच्या सीटवर घडी होऊन बसलेल्या माणसाला धड रडताही येत नाही.

प्रशांत चावीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वेस्ता कोना टीमना?"

"मन्हा."

"वर गया ना तो?"

"गया."

"मंग पॉइंट तुम्हना. कबड्डीमा पॉइंट भेटना की बाद गडी उठस. नियम तुम्हीच शिकाडा शे." त्याने चावी परत त्यांच्या हातात दिली. "उठा, आबा."

सरांनी चावी घेतली नाही. म्हणजे लगेच घेतली नाही. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि न बघता मागे माझ्याकडे दिली. निर्णय पंचाचा. मी आयुष्यात शिट्टी वाजवली नव्हती. ती कशी वाजली ते मी सांगत नाही, पण वळणावरून वेस्ताने जीप थांबवून मागे बघितलं. सरांनी चावी लावली. तळोद्याला चहाला थांबलो तेव्हा सर म्हणाले, "हाई नियम मी असा शिकाडा नव्हता." प्रशांत म्हणाला, "मी वर्गात लक्ष देत नव्हतो, आबा."

त्यानंतर प्रशांत बाजाराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचा, "आबा, उद्या रिव्हर्सले कोनकोन शे?"

सरांना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या नाशिकला बदलीच्या दिवशी. मी शहाद्याच्या स्टँडवर एसटीत खिडकीशी बसले होते. सर निरोपाला आले होते. त्यांना गाडीतून उतरायचा त्रास नको म्हणून मी खाली येणार होते, तर ते स्वतःच सरळ पाय ओढत बॉनेटपर्यंत गेले, पट्टी काढली आणि लांबून मला दाखवली. "लाल शे," ते ओरडले. मग त्यांची निघायची वेळ झाली तर पुढे कोणीतरी टेम्पो लावून गेलेला. सरांनी शिट्टी तोंडाला लावलीसुद्धा नाही. पानाच्या टपरीवरचे दोघे, केळीच्या गाडीवरचा एक आणि आमच्या एसटीचा कंडक्टर तिकिटाचं मशीन सांभाळत पुढे आले, बॉनेटला हात लावले आणि गाडी मागे घेऊन दिली. आमचा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबून राहिला.

सरांची गाडी तळोद्याच्या रस्त्याला वळली. मी हात केला, पण आरसा मिशीवर असल्यामुळे त्यांना दिसायचं कारण नव्हतं. मी पर्स मांडीवर घेऊन टेकून बसले. तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून एक शिट्टी झाली, आणि मी त्या भरल्या एसटीत ताठ, सावधान बसले. शेजारची बाई म्हणाली, "काय व्हयनं माय?"